कारखाना फाट्याचा टप्पा

"हात वर. अजून वर! अगं बये, केस जाळून घेशील आणि नोटीस मला येईल!"

डुबल सर मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. आमचे पी.टी.चे मास्तर. माझ्या हातात खरी ज्योत नव्हतीच अजून. बांबूच्या काठीला पाण्यानं काठोकाठ भरलेला डबा बांधून दिला होता. सरांचं म्हणणं असं, की ज्या पोरीचं पाणी सांडत नाही तिची ज्योत कलणार नाही. पहिल्या दिवशी मी आणि सिंधू, दोघींची आंघोळ झाली. दुसऱ्या दिवशी निम्मी. तिसऱ्या दिवशी सरांनी डब्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "जमलं की गं शालन तुला."

माझं डावं मनगट आणि सिंधूचं उजवं, यांच्यामध्ये वीतभर दोरी. सिंधूला अंधुक दिसायचं. माणूस आहे की खांब, आणि ढोबळ रंग, एवढं कळायचं. आमच्या शाळेत असंच चालायचं. जिला थोडं दिसतं तिनं जिला काहीच दिसत नाही तिचा हात धरायचा. मी तर जन्मापासून ठार आंधळी. दोरीला एक झटका म्हणजे वळण, दोन झटके म्हणजे थांब. पायात काही घालायची नाही मी. डांबर संपून माती लागली की तळव्याला आधी कळतं.

साल चौऱ्याण्णव. तीन डिसेंबरला जिल्ह्याच्या गावी अपंगांच्या क्रीडा स्पर्धा होत्या आणि क्रीडाज्योत आमच्या शाळेतून निघणार होती. अठ्ठावीस किलोमीटर रस्ता. एकेकाच्या वाट्याला एक किलोमीटर. कुणी कुबड्यांवर, कुणी तीनचाकीवर, आणि आम्ही दोरीवाल्या.

आठवा टप्पा मी सरांकडून मागून घेतला होता. कारखाना फाट्याचा.

"तोच का?" सर म्हणाले होते.

"रस्ता चांगला आहे म्हणतात."

रस्त्याचं मला काय पडलं होतं! फाट्यावर साखर कारखान्याची वसाहत होती आणि वसाहतीत माझं घर होतं. म्हणजे माझ्या आईवडिलांचं. अप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून लागले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत मी त्या घराला एकदासुद्धा पाय लावला नव्हता. सुट्टी लागली की मला परस्पर मामाकडं पोचवायचे. "क्वार्टर लहान आहे गं," आई सांगायची. मी आंधळी होते, खुळी नव्हते. उज्ज्वला, माझी थोरली बहीण, तिला स्थळं बघत होते. धाकटी आंधळी आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. रक्तातच दोष असेल, उद्या नातवंडं तशीच निघतील. नव्या वसाहतीत मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा आयतंच झालं होतं.

मला एकच पाहिजे होतं. वसाहतीच्या बायका ज्योतीचं स्वागत करणार, त्यात आई असणार, आणि चार लोकांच्या देखत तिनं मला "शालन" म्हणून हाक मारायची. बस. लाख मागत नव्हते मी. त्या एका हाकेसाठी मी आठ दिवस पाण्याचा डबा घेऊन धावत होते, आणि हे सिंधूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आदल्या रविवारी अप्पा आले. भेटीच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसले. आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या मांडीवर ठेवले. अभ्यास कसा चाललाय, जेवण बरं असतं का, सगळं नेहमीचं विचारून झालं. मग म्हणाले, "धावणार आहेस म्हणे."

"हो."

"कुठला टप्पा?"

"आठवा."

"म्हणजे कुठं येतो तो?"

"फाट्यावर. तुमच्या दारावरनं."

पिशवीचे बंद पिळायची अप्पांना सवय होती, तो आवाज येत राहिला.

"तीन तारखेलाच कऱ्हाडचे पाहुणे येणार आहेत," ते म्हणाले. "उजूला पसंत केलंय त्यांनी. पुढची बोलणी करायला येतायत. सोन्यासारखं स्थळ आहे, शालन. मुलगा बँकेत आहे."

"बरं झालं की."

"मुलाची आई जरा जुन्या वळणाची आहे. घरात काही आजार, काही व्यंग आहे का, दोनदा विचारलं त्यांनी."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

पिशवीचे बंद पिळायचे थांबले. "एकुलती एक आहे म्हणून सांगितलंय," अप्पा म्हणाले. "लग्न होईपर्यंतच गं. मग मी स्वतः सांगेन जावयाला. पण आत्ता टप्पा बदलून घे. सरांना मी बोलू का?"

"नको. मी सांगते."

"शहाणी आहेस तू."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि चार वाजताची एसटी पकडायला निघून गेले. आता मी शहाणी असते तर गोष्टच संपली असती. सरांकडं जायचं आणि टप्पा बदलून मागायचा, एवढं सोपं होतं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एकुलती एक! म्हणजे मला जिवंतपणी पुसूनच टाकलं होतं की यांनी. लाडू मी सगळ्या खोलीला वाटून टाकले, एकही तोंडात घातला नाही. आणि सरांना काही सांगितलं नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडले, ते मात्र कुणाला कळू दिलं नाही.

तीन तारखेला सकाळी टेंपोनं आम्हाला सातव्या किलोमीटरला उतरवलं. थंडी मी म्हणत होती. सर पुढच्या मुलांना सोडायला टेंपोबरोबर गेले. जाताना म्हणाले, "जीपच्या मागं राहा. बायका थांबवतील तिथं थांबा. पायावर पाणी घालतील, ओवाळतील. आणि ज्योतीवरून निरांजन पेटवायला मागतील, तेव्हा शालन, ज्योत खाली धर, पण हळू. एखादीचा पदर पेटवू नकोस."

आठ वाजून गेल्यावर ज्योत आली. सातव्या टप्प्याचा शिंदे कुबड्या टाकून धापा टाकत होता. त्यानं दांडा माझ्या हातात दिला. घामानं ओला होता. उजव्या गालाला धग लागली, रॉकेलचा वास आला, आणि सिंधू म्हणाली, "चल."

धावले मी. काय धावले! पुढं जीपवर देशभक्तीची गाणी लागली होती. गळीत हंगाम चालू होता, वाऱ्यावर मळीचा उग्र वास यायचा आणि उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं वाजायची. "गाड्या आहेत, डावीकडं घे," सिंधू म्हणायची. "खड्डा. गेला. सरळ." गाडीवान हाका मारून विचारत होते, "कुठं चाललाय गं पोरींनो जाळ घेऊन?" सिंधू ओरडली, "ऑलिंपिकला!" मी हसले. धाप लागली तरी हसले, आणि छातीत धडधडत होतं ते निराळ्याच कारणानं.

मग दोन झटके बसले. थांबलो.

बायकांचा घोळका होता. बांगड्या, कुजबुज, कुणाच्या तरी ताटातल्या कापराचा वास. जीपवरचं गाणं बंद झालं. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई असाव्यात, त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आधी पाहुण्याबाईंना मान द्या हं. या कऱ्हाडच्या. आपल्या काट्यावरच्या कारकुनांच्या होणाऱ्या विहीणबाई."

म्हणजे सगळे होते तिथं. अप्पाही असतील, बायकांच्या मागं कुठंतरी. मी काठीवरची मूठ घट्ट केली.

थंडगार बोटानं कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "अगंबाई, किती देखणी पोर!" त्या विहीणबाई म्हणाल्या. "देवाला तरी कसं बाई वाटतं असं करायला. कुणाची गं ही?" आवाज चांगला होता. दुष्ट नव्हता.

"शाळेतल्या असतात या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पाय कोण धुतंय? चला लवकर, जीपमधल्या साहेबांना उशीर होतोय."

"मी धुते."

दोनच शब्द. पण मला तेवढे पुरले. आईचा आवाज होता. ती खाली बसली, तेव्हा तिचे गुडघे वाजले, तेही ओळखले मी. आणि पायावर पाणी पडलं ते गरम होतं. बाकी बायकांनी सिंधूच्या पायावर घातलं ते गारढोण, ती शहारली ते दोरीतनं मला कळलं. माझं पाणी गरम होतं. त्या थंडीत आईनं घरून पाणी तापवून आणलं होतं.

तिनं नुसतं पाणी घातलं नाही, पाय धुतले. टाचा चोळल्या. बोटांच्या बेचक्यातली माती काढली. मी सहा वर्षांची असताना शाळेत सोडायच्या दिवशी धुतले होते तसे. मग पदरानं पुसायला लागली.

"अहो वहिनी, पदरानं काय पुसताय?" एक बाई हसली. "मंडळाचा टॉवेल आहे की."

आई माझ्या दोन्ही घोट्यांना धरून तशीच बसली होती. मी मनात म्हणत होते, आता. आता म्हण. म्हण ना गं आई!

ती उठून उभी राहिली. अगदी माझ्या तोंडासमोर. तिचा श्वास लागत होता मला. आणि ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी,

"नाव काय गं तुझं?"

आईनं मला माझं नाव विचारलं. ठेवलं असेल आत्यानं, पण सोळा वर्षं हाका हिनं मारल्या होत्या. परक्या बाईनं परक्या पोरीला विचारावं तसं विचारलं. मला वाटलं कुणीतरी फाडकन तोंडात मारली. अप्पांनी तरी व्हरांड्यात, चारचौघांच्या मागं सांगितलं होतं. हिनं ऐन चव्हाट्यावर, विहिणीच्या देखत नाटक करून दाखवलं. बघा हो, ही कोण पोर, मला ठाऊकसुद्धा नाही.

मला वाटलं, सांगावं. शालन विठ्ठल माने, आणि तू माझी आई. जिभेवर आलं होतं. मग उजूची आठवण झाली. ती कुठंतरी घरात, साडी नेसून, पोह्याच्या बश्या मांडत असेल. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? सुट्टीत मामाकडं येऊन मला गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायची ती. आईला मी नको होते तर नको. पण उजूचं लग्न माझ्या तोंडून का मोडायचं?

"सिंधू," मी म्हणाले.

"काय?" आईनं विचारलं.

"सिंधू. सिंधू म्हणतात मला."

दोरीला हिसका बसला. खऱ्या सिंधूनं हात ओढला होता. पण पोरगी गप्प राहिली, एक शब्द बोलली नाही. उपकार आहेत तिचे.

आई मग "बरं," म्हणाली. "सुखी राहा, बाळ."

"छान नाव आहे," विहीणबाई म्हणाल्या.

मी ज्योत खाली धरली, कुणीतरी निरांजन पेटवून घेतलं, ओवाळलं. आईनं की दुसऱ्या कुणी, ते मला कळलं नाही. जीपचा हॉर्न वाजला. आम्ही निघालो.

शंभर पावलं गेल्यावर सिंधू म्हणाली, "माझं नाव का घेतलंस?"

"धाव."

"ती तुझी आई होती. दिवाळीनंतर फराळ घेऊन येते ती. मी आवाज ओळखते."

"धाव म्हटलं ना!"

"रडतेस?"

"धूर लागतोय डोळ्यांना."

"वारा समोरनं आहे, शालन. धूर मागं जातोय." ती मागं वळून बघत असावी, दोरी ताणली गेली. "सगळ्या बायका गेल्या. एक अजून रस्त्यात उभी आहे. निळं पातळ आहे बहुतेक."

मी वळले नाही. वळून तरी काय दिसणार होतं मला? पुलावर तीनचाकीवाले बाबूराव शिंपी थांबले होते, त्यांच्या हातात ज्योत दिली आणि मी कठड्याला धरून बसून राहिले. लोक टाळ्या वाजवत होते. इतक्या माणसांत इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

उजूचं लग्न वैशाखात झालं. मला बोलावलं नाही, बुंदीचे लाडू शाळेत आले. गंमत बघा, वर्षाच्या आत तिच्या सासूला माझ्याबद्दल कळलं. कुणी सांगितलं देव जाणे. काहीसुद्धा झालं नाही. म्हातारी अप्पांवर चार दिवस धुसफुसली आणि संक्रांतीला मला साडी पाठवून मोकळी झाली. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं रामायण.

मी पुण्याला बँकेत टेलिफोन ऑपरेटर लागले. खोली घेतली, स्वयंपाक शिकले, कुणावाचून काही अडू दिलं नाही. लग्न केलं नाही. आई वर्षातून दोनदा यायची, डबे घेऊन. कॉटच्या कडेला अंग चोरून बसायची. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायची. "घरी चल चार दिवस," असं तिनं कधी म्हटलं नाही आणि मी कधी "राहा" म्हटलं नाही. त्या सकाळचा विषय आमच्यात निघालाच नाही. मी मनात म्हणायचे, जिनं मला चव्हाट्यावर ओळख दाखवली नाही, तिला मी का दाखवू? माझ्या नाकावरचा राग पहिल्यापासून असाच.

अप्पा आधी गेले. मग दोन हजार अठरा साली आई गेली, कऱ्हाडला, उजूकडं. तेराव्याची पंगत चालू होती. मी मागच्या खोलीत बसले होते. उजू आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं विचारायचं होतं. आईनं शपथ घातली होती, ती आहे तोवर विचारायचं नाही म्हणून."

"विचार."

"त्या दिवशी फाट्यावर तू तुझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुला काय ठाऊक?"

"मला सगळं ठाऊक होतं. अप्पा सांगत होते, तिनं टप्पा बदललाय, काळजी नको. आई मला मोरीत नेऊन म्हणाली, ती बदलायची नाही. माझी लेक आहे ती. येणारच." उजूनं माझ्याकडं सरकून आवाज खाली घेतला. "मग म्हणाली, मी तिला सगळ्यांच्या देखत नाव विचारणार आहे. मी आपणहून सांगितलं तर तुझे अप्पा मला जन्मभर बोलतील. पण लेकरानं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं, तर त्याला कोण काय म्हणणार? ती शालन माने म्हणाली की मी तिला पोटाशी धरणार आणि घरात घेऊन येणार. तुझं जमलेलं मोडेल कदाचित. चालेल का तुला?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, पाणी गरम करून ने, थंडी आहे."

बाहेर वाढप्याचा आवाज येत होता, भात घ्या, भात.

"मी खिडकीत उभी होते," उजू म्हणाली. "तुला घेऊन येईल म्हणून वाट बघत होते. ती एकटीच आली. रिकामी कळशी घेऊन उंबऱ्यात बसली."

"काही बोलली?"

उजूनं माझा हात हातात घेतला.

"म्हणाली, तिनं मला माफ नाही केलं गं, उजू. आणि बरोबरच केलं तिनं."